दुष्काळी ऊस? आम्हाला खारट रानातला द्या की!

दुष्काळात टिकणारा जीएम ऊस, म्हणजे दुसऱ्या जीवातला जीन घातलेला ऊस, आता नुसता कागदावर नाहीय, इंडोनेशियानं 2013 लाच त्याला मंजुरी दिलीय. बॅक्टेरियातला एक जीन घातला, त्यामुळं उसाच्या पेशीत बिटेन नावाचं, पाणी धरून ठेवायला मदत करणारं द्रव्य साठतं आणि पाण्याचा ताण पडला तरी पेशी लगेच मान टाकत नाही. हे कट्ट्यावर सांगितलं की कुणीतरी म्हणतंयच, मग आता पाणी नको की! अरे भावा, ताण सोसणं वेगळं आणि पाण्याशिवाय टनेज देणं वेगळं, त्याला पाणी लागणारच.

आणि खरं सांगू का, आमच्या कोल्हापुरात शिरोळ-हातकणंगल्याकडं पाणी जास्त झाल्याचीच रड आहे. वर्षानुवर्षं पाट सोडून सोडून जमिनीतलं पाणी वर आलं, त्याच्याबरोबर क्षार आले, उन्हाळ्यात काही रानं चुना मारल्यासारखी पांढरी दिसतात. गंमत बघा, रान ओलं असतं पण क्षारामुळं मुळांना ते पाणी ओढताच येत नाही, म्हणजे पिकाच्या दृष्टीनं तो दुष्काळच.

म्हणून मला तो पुसा डीएसटी राईस 1 जास्त इंटरेस्टिंग वाटतो. मे 2025 मध्ये जाहीर झालेला हा जीनोम एडिटेड भात, एमटीयू 1010 या जुन्याच वाणातला एक जीन बंद करून केलाय, बाहेरचा जीन काय घातलेला नाही. तो जीन बंद केला की पानावरची रंध्रं कमी होतात, मिटतातही लवकर, पाणी कमी उडतं आणि ताण नि क्षार दोन्ही सोसायला मदत होते. बीटी वांगं, म्हणजे किडीला तोंड देणारं जीएम वांगं, मंजुरीत 2010 पासून अडकून पडलंय, पण बाहेरचा जीन नसलेल्या अशा एडिटिंगला 2022 मध्ये जीएमच्या कडक नियमांतून सूट मिळाली, त्यामुळं हे पुढं सरकलं.

मग उसात का नाही करत? कारण उसाचं गणित लई किचकट, शंभरावर क्रोमोसोम, एकेका जीनच्या दहाएक कॉप्या, एक बंद केली तर बाकीच्या चालूच! पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या फुले 265 या वाणानं नेहमीच्या संकरातूनच खारवट रानात बऱ्यापैकी तग धरलाय, तिथनं पुढं काम व्हायला पाहिजे असं माझं मत.

बियाणं कंपनीच्या ताब्यात जाईल ही भीती मात्र मला उसाबाबत फारशी पटत नाही. एक रोप जमलं की पुढं सगळं कांडीवरच, कंपनीचा बोर्ड लागायच्या आधी बेणं पावण्याच्या ट्रॉलीत पडलेलं असतंय.