तुम्ही विचारलंत म्हणून: आपली ज्युनिअर हॉकी टीम सेमीफायनललाच का अडकते?

मी हॉकी बघतो हे एकदा का लोकांना कळलं की ज्युनिअर (म्हणजे २१ वर्षांखालच्या पोरांचा) वर्ल्ड कप संपला रे संपला हा प्रश्न येतोच, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "काय हो, आपली पोरं पूलमध्ये दहा-दहा गोल मारतात आणि सेमी आली की काय होतं त्यांना?" तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण उत्तर जरा लांब आहे आणि त्यात जर्मनी सारखी सारखी येणार आहे.

आधी स्कोअर. २०२१, भुवनेश्वर, सेमीफायनल, जर्मनी ४ आपण २. २०२३, क्वालालंपूर, सेमीफायनल, परत जर्मनी, ४-१. २०२५, चेन्नई, मैदान आपलं, पब्लिक आपलं, कोच आपला जुना गोलकीपर श्रीजेश, आणि समोर कोण तर जर्मनीच, ५-१. लागोपाठ तीन वर्ल्ड कप, तीच फेरी, तीच टीम. त्यांनी आत्तापर्यंत आठ वेळा हा कप नेलाय त्यामुळे त्यांच्याशी हरण्यात लाज काही नाही, पण तीनदा तसंच हरायचं म्हणजे काहीतरी आहे ना राव.

आता लोक म्हणतात प्रेशर घेतात. मला हे अजिबात पटत नाही. तिन्ही वेळच्या क्वार्टर फायनल आठवा. २०२१ ला बेल्जियमला १-० ने काढलं. २०२३ ला नेदरलँड्सशी हाफटाइमला ०-२, मग बरोबरी केली, मग परत २-३ मागे, आणि शेवटी ४-३ जिंकलो, ज्यात परतीचा पहिला गोल आपल्या महाराष्ट्राच्या आदित्य लालगेचा होता (हे कुणाच्या लक्षातच नसतं, एवढंच क्रिकेटमध्ये केलं असतं तर गावोगावी फ्लेक्स लागले असते). २०२५ ला परत बेल्जियम, २-२, मग शूटआऊट (बरोबरी फोडायला एकेकाने गोलकीपरसमोर जायचं), गोलमध्ये प्रिन्सदीप उभा राहिला आणि आपण ४-३ निघालो. प्रेशरला भिणारी पोरं असल्या मॅच काढत नाहीत. बरं, मग दमले असतील? मधे एकच दिवस असतो हे खरंय, पण चेन्नईला जर्मनीसुद्धा फ्रान्सशी शूटआऊट खेळूनच सेमीला आली होती, त्यांचे पाय काय भाड्याने आणलेले नव्हते.

दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे पेनल्टी कॉर्नर, म्हणजे समोरच्याने गोलजवळ फाऊल केला की गोल मारायची मिळणारी खास संधी. २०२३ च्या सेमीत आपल्याला १२ मिळाले आणि गोल शून्य. हे कारण मी नाकारत नाही, १२ मधले दोन जरी बसले असते तरी मॅच वेगळी झाली असती. पण त्याने बाकीच्या दोन सेमींचं कोडं सुटत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. गोल किती खाल्ले ते सोडा, कधी खाल्ले ते बघा. हॉकी आता १५-१५ मिनिटांचे चार क्वार्टर असते, म्हणजे वेळ संपल्याचा हूटर १५, ३०, ४५ आणि ६० व्या मिनिटाला वाजतो. २०२१ ला जर्मनीचा पहिला गोल १५ व्या मिनिटाला, आणि मग २१, २४, २५, दहा मिनिटांत खेळ खल्लास. २०२३ ला दुसरा गोल ३० व्या मिनिटाला, हाफटाइमच्या तोंडावर. २०२५ ला १४ आणि १५ व्या मिनिटाला लागोपाठ दोन, आणि मग ३० ला अजून एक. चेन्नईला १३ मिनिटं ०-० होतं हो! ब्रेकला जाताना बघतोय तर ०-२.

क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं वेगळी खेळायची असतात. टेस्टमध्ये दिवसाच्या शेवटच्या दोन ओव्हर कसं खेळतात, तसं. बॉल मैदानाच्या कोपऱ्यात नेऊन दाबून ठेवायचा, फ्री हिट घाई न करता घ्यायचा, आणि आपल्या डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धगोलात) उगाच स्टिक घालून समोरच्याला पेनल्टी कॉर्नर द्यायचा नाही. आपली पोरं तेव्हाही पुढेच पळतात, बॉल मधे हरवतात आणि मागे तिघांना पाच जण सांभाळावे लागतात.

आणि यात त्यांची चूक कमी आहे असं मला वाटतं. आपल्याकडे पोरगा अकॅडमीत, हॉस्टेलला, ट्रायलला, कॅम्पला वर येतो आणि ट्रायलला कोण दिसतं तर जो तिघांना ड्रिबल करून गोल मारतो तो, कोपऱ्यात बॉल दाबून उभा राहिलेला पोरगा कुठल्या सिलेक्टरला दिसणार? तिकडे जर्मनीत १८-१९ वर्षांचा मुलगा क्लबकडून मोठ्या माणसांत लीग खेळतो, तिथे १-० टिकवायचं म्हणजे टिकवायचं, नाहीतर ड्रेसिंग रूममध्ये सीनियर ऐकवतो. आपल्याला आशियात आणि पूलमध्ये असा सराव होतच नाही. २०२५ ला चिलीला ७-०, ओमानला १७-०, स्वित्झर्लंडला ५-०. छान वाटतं बघायला, पण १७-० मध्ये टिकवायचं काय शिकणार?

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, अहो पण त्याच वर्ल्ड कपला ब्रॉन्झ मॅचमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ वरून शेवटच्या ११ मिनिटांत चार गोल मारले की! मारले ना, मी घरात ओरडत होतो. पण नीट बघा, तो पाठलाग होता. नेदरलँड्सची मॅचही पाठलागच. मागे पडलो की आपण भारी खेळतो कारण तेव्हा पुढेच पळायचं असतं, जे येतंच. ०-० ला दोन मिनिटं काही होऊ द्यायचं नाही, हे येत नाही.

२०१६ ला लखनौला जिंकलो तेव्हा काय वेगळं होतं? एक तर कोच हरेंद्र सिंगने ती टीम बराच काळ एकत्र ठेवून घडवलेली. आणि दुसरं, तेव्हा ज्युनिअर मॅच ३५-३५ मिनिटांच्या दोन हाफची असायची, मधे हूटर एकदाच. गंमत म्हणजे फायनलला बेल्जियमचा गोल आला तो ७० व्याच मिनिटाला, अगदी शेवटी. फक्त आपण तोवर दोन मारून बसलो होतो म्हणून २-१ ने कप आपला.

हॉकीची आयपीएल म्हणावी अशी हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर बंद होती ती डिसेंबर २०२४ ला परत सुरू झाली आणि प्रत्येक टीममध्ये चार ज्युनिअर घेणं सक्तीचं केलं, ही मला सगळ्यात कामाची गोष्ट वाटते, वर्षाला महिनाभरच का असेना. पण टीममध्ये असणं वेगळं आणि टर्फवर असणं वेगळं. म्हणून लीगची मॅच बघाल तेव्हा एक करा, घड्याळात क्वार्टरची दोन मिनिटं उरली की आत किती ज्युनिअर आहेत आणि बेंचवर किती ते मोजा. मग पुढच्या सेमीचं काय होणार ते मला विचारायला यायची गरज नाही.