कंट्रोल-ए दाबलं, पण आकडा जुनाच राहिला

धान्याच्या एका घाऊक दुकानासाठी मी सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत बिलिंगचा प्रोग्रॅम लिहिला. विंडोज फॉर्म्स (विंडोजवरचे पडदे बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट), माहिती भरायचे साधे टेक्स्टबॉक्स, खाली 'सेव्ह'चं बटण. बिलं करणाऱ्या काकांची उभी हयात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर गेलेली; तिथं कंट्रोल-ए दाबलं की सेव्ह होतं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "कंट्रोल-एनं बिल सेव्ह झालं पाहिजे. गिऱ्हाईक समोर उभं असताना माउस कुठं फिरवत बसू?" मागणी अगदी रास्त होती.

फॉर्मचं, म्हणजे पडद्याचं, कीप्रिव्ह्यू ट्रू केलं, म्हणजे दाबलेली की आधी फॉर्मला कळते; की दाबल्यावर येणाऱ्या कीडाउनमध्ये कोड घातला. चाललं. पण फोकस (कीबोर्डचा ताबा) बटणावर असताना बाण दाबला की कीडाउन यायचंच नाही. फोकस नुसता शेजारी सरकायचा. टॅब आणि बाण विंडोज फॉर्म्स आधीच वापरून टाकतं. म्हणून सगळे शॉर्टकट प्रोसेससीएमडीकी, म्हणजे की त्याही आधी जिथं पोचते ते फंक्शन, ओव्हरराइड करून (आपल्या कोडानं बदलून) तिथंच आणले. आपली की असेल तर ट्रू (काम झालं) सांगायचं, नाहीतर बेसकडे, म्हणजे मूळ फंक्शनकडे, सोपवायचं.

चार दिवसांनी काकांचा फोन. "अहो, ५ पोत्यांची ५० केली, सेव्ह केलं, बिलात ५च आहेत." माझ्याकडे करून पाहिलं तर बरोबर ५०. दोनदा पाहिलं, तरी ५०. शेवटी दुकानात जाऊन त्यांच्या मागे उभा राहिलो. त्यांनी ५ पुढं शून्य मारलं आणि त्याच दमात कंट्रोल-ए. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी माउसनं 'सेव्ह'वर क्लिक करत होतो. क्लिक केलं की टेक्स्टबॉक्सचा फोकस जातो, व्हॅलिडेटिंग, म्हणजे भरलेल्याची तपासणी, होतं आणि बाइंडिंग, म्हणजे टेक्स्टबॉक्स आणि आतला डेटा यांची जोडणी, नवा आकडा उचलतं. शॉर्टकटमध्ये फोकस जागचा हलतच नाही. पडद्यावर ५०, आत मात्र ५.

उपाय दोन ओळींचा: सेव्ह करण्याआधी फॉर्मचं व्हॅलिडेट (तीच तपासणी आपण करवून घ्यायची), मग बाइंडिंगसोर्सचं, म्हणजे ही जोडणी सांभाळणाऱ्या भागाचं, एन्डएडिट (बदल पक्का करायचा). व्हॅलिडेटनं फॉल्स दिलं, तर सेव्ह करायचंच नाही. टूलबारचं बटणही फोकस घेत नाही, म्हणून व्हिज्युअल स्टुडिओ (ज्यात आम्ही कोड लिहितो ते सॉफ्टवेअर) सेव्हसाठी स्वतः लिहून देतो त्या कोडात सुरुवातीला याच दोन ओळी असतात. मी त्या वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. त्या कशासाठी आहेत, हे त्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर चार दिवसांत आकडे बदललेली सगळी बिलं मी आणि काकांनी कच्च्या वहीशी ताडून पाहिली. आणखी तीन चुकलेली सापडली. तिन्ही गिऱ्हाइकांना काकांनी तिथूनच फोन लावले.