जेवण झालं, तरी बर्फी का हवी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी आहारतज्ज्ञ आहे हे कळलं की लोक लग्नाच्या पंगतीतही गाठतात आणि आवाज खाली करून विचारतात, "ताई, पोट भरलेलं असते, तरी रात्री डबे उघडल्याशिवाय झोप येत नाही. काहून होते जी असं? मनावर ताबाच नाही का माझा?"

ताबा असतो हो. बरेचदा सकाळचा नाश्ता नसतो.

नुसत्या चहावर घर सोडायचं, दुपारी डब्यात काकडी-टोमॅटो, आणि संध्याकाळी नागपुरात बर्डीच्या बाजारात उतरल्यावर स्वतःकडून संयमाची अपेक्षा करायची! रिकामं पोट घ्रेलिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते मेंदूकडे भुकेचा तगादा लावतं. जागरणानेही तेच होतं. २००४ साली शिकागोत काही तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, भूक २४ टक्क्यांनी, आणि ओढ मुख्यतः गोड, खारट, पिठूळ पदार्थांची.

पण सगळ्यात बोलका दाखला अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या प्रयोगाचा. १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांनी सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर राहणं स्वतःहून पत्करलं. तत्त्व म्हणून युद्धात लढायला नकार दिलेली ही माणसं, मनाने कच्ची नक्कीच नव्हती. तीच पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, दिवसभर खाण्याच्याच गप्पा मारू लागली. बंधन उठल्यावर काहींना कितीही जेवलं तरी समाधान होईना. त्यामुळे "आजपासून गोड बंद" असं कोणी म्हटलं की मला त्यांची पुढच्या आठवड्यातली बर्फी दिसू लागते.

आता पोट खरंच भरलेलं असेल तर? त्या क्षणी समोर वरण-पोळी आली तर चालेल का, हे स्वतःला विचारा. चालत असेल तर भूक आहे, जेवा. संत्रा बर्फीच हवी, तर्री ओतलेले पोहेच हवेत, तर मागणी पोटाची नाही. मेंदूतलं डोपामीन नावाचं रसायन खाण्याच्या सुखापेक्षा खाण्याच्या ओढीशी जास्त बांधलेलं आहे. म्हणून तर तिसऱ्या वडीची चव लागत नाही, पण हात चौथीकडे जातो.

एक बाई यायच्या, कोण ते विचारू नका. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रात्री सगळे झोपले की या दिवा न लावता ओट्याला टेकून उभ्या, हात चिवड्याच्या डब्यात. झाकण वाजू नये म्हणून खाली फडकं. चिवडा त्यांना फारसा आवडतही नव्हता. कोणाची हाक न येणारी दिवसातली तेवढीच पंधरा मिनिटं. मी चिवडा बंद केला नाही. दिवा लावा, वाटीत घ्या, बसून खा, एवढंच सांगितलं. आणि यजमानांना बोलावून आठवड्यातल्या दोन रात्री त्यांच्या गळ्यात घातल्या. खरा उपाय हा दुसरा.

दुःखात, कंटाळ्यात कधी खाल्लं तर काही बिघडत नाही. आनंदातही आपण खातोच की! दहावीचा निकाल आणि पेढे वेगळे काढून दाखवा. तेराव्यालासुद्धा गोड करणारी माणसं आपण.

मात्र थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, हात थांबवताच येत नाही, नंतर स्वतःची किळस येते, आणि हे आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चाललंय, तर तो आजार असू शकतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून त्याला 'बिंज इटिंग डिसऑर्डर' म्हणून स्वतंत्र जागा आहे. तेव्हा मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तोवर माझ्याकडे डाएट चार्ट मागू नका, मी देणार नाही. उपाशी राहून हे आणखी वाढतं.