माटोळीचा दोर

गेल्या चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला मी प्लास्टिकची सुतळी आणली होती. सासूबाईंनी ती बाजूला ठेवली आणि केवणीच्या झुडपाच्या सालीचा दोर काढला. भिजवलेला, मऊ, पण नारळाच्या घडानेही न तुटणारा. विसर्जनानंतर तो परसात माडाच्या आळ्यात गेला. माझी सुतळी व्हाळाच्या पाण्यातच गेली असती.

सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, वर्षअखेरीपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवरही. तरी मासळी पातळ पिशवीतच मिळते. मला याचा फार राग येतो. आता बांगडे आणायला झाकणाचा डबा नेते, पाव घेऊन येणाऱ्या पोदेरासाठी दारावर कापडी पिशवी टांगते. दुधाच्या पिशव्यांचं मात्र अजून जमलेलं नाही. धुऊन, वाळवून साठवते आहे.