बुडापेस्टमधलं घरचं चिर्केपॉप्रिकाश

बुडापेस्टला जाऊन आलेला प्रत्येक जण गुलाशबद्दल सांगतो. चांगलंच असतं ते, पण तिकडे गुलाश म्हणजे पातळ सूप, आणि मला विचाराल तर जेवायची खरी मजा चिर्केपॉप्रिकाशमध्ये आहे. पाप्रिकात (तिकडची लाल मिरची आणि तिची पूड, दोन्हीला हेच नाव) शिजवलेलं चिकन, त्यात आंबट क्रीम आणि सोबत नोकेड्ली, म्हणजे मैद्याचे उकडलेले बारके गोळे. मावसभाऊ तिकडेच सेटल झालाय, वहिनी हंगेरियन, त्यामुळे हॉटेल वगैरे सोडून थेट वहिनीच्या आईच्या किचनमध्ये एंट्री मिळाली.

आधी सामान आणायला सेंट्रल मार्केट हॉल. हिरव्या लिबर्टी ब्रिजच्या पेस्टकडच्या, म्हणजे शहराच्या पूर्वेकडच्या टोकाला आहे, 1897 चा, आत सगळा लोखंडी सांगाडा आणि छपरावर रंगीत कौलं. वर टुरिस्टांची गर्दी, भरतकामाचे टेबलक्लॉथ आणि फ्रिज मॅग्नेट, तिकडे मी काही रमले नाही. खाली मटण-चिकन, भाजी आणि पाप्रिकाच पाप्रिका, माळा काय, पिशव्या काय. सेगेड आणि कालोचा ही पाप्रिकाची दोन नावाजलेली गावं. सेगेडलाच शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जींनी पाप्रिकातून भरपूर व्हिटॅमिन सी काढलं होतं, 1937 चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा. माझा हात आपसूक तिखट पाकिटाकडे गेला तर वहिनी म्हणाली, "ते नको गं, गोड घे. आई तिखट घालूच देणार नाही."

आणि खरंच नाही घातलं! आलं नाही, लसूण नाही, गरम मसाला तर सोडाच. काकूंनी (मी मनातल्या मनात काकूच म्हणत होते) डुकराच्या चरबीवर दोन मोठे कांदे बारीक चिरून टाकले आणि मंद आचेवर इतका वेळ परतले की कांदा दिसेनासा झाला, पण लाल मात्र होऊ दिला नाही. मग पातेलं चक्क गॅसवरून खाली. खाली घेऊन दोन मोठे चमचे पाप्रिका टाकली, झटपट हलवलं आणि लगेच चिकन आत. पाप्रिकात साखर असते, गरम चरबीत ती क्षणात जळते आणि कडू होते, म्हणून ही धावपळ. चरबीला तो केशरी-लाल रंग सुटताना बघायला मी अगदी पातेल्यात डोकावून उभी होते. मग एक टोमॅटो, एक फिकट पिवळी लांबट ढोबळी मिरची, मीठ, थोडंसंच पाणी आणि झाकण. हाडासकटचं चिकन स्वतःच्याच रसात शिजतं.

तोवर नोकेड्ली. मैदा, अंडी, मीठ, पाणी, भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट, आणि फार घोटायचं नाही, नाहीतर चिवट होतात. मोठ्या भोकांची एक किसणी असते, अगदी आपल्या बुंदीच्या झाऱ्यासारखी, ती उकळत्या पाण्यावर धरून पीठ वरून घासायचं. तुकडे टपाटप पडतात, तळाशी जातात, वर तरंगले की झाले, निथळून थोड्या चरबीत घोळवायचे. हे काम काकूंनी मला दिलं आणि वाफेने हात भाजला तरी मी किसणी सोडली नाही.

शेवटी आंबट क्रीममध्ये चमचाभर मैदा फेटला, त्यात आधी पातेल्यातला गरम रस्सा थोडा थोडा घालून मग ते सगळं आत, म्हणजे क्रीम फुटत नाही. दादाने टेबलावर गुपचूप चिली फ्लेक्स काढले, काकूंनी नुसतं बघितलं, बाटली परत खिशात. मी तसंच खाल्लं, सोबत काकडीची व्हिनेगर घातलेली कोशिंबीर. मसाल्याला इतकी सवकलेली माझी जीभ, पण कांदा आणि पाप्रिका एवढ्यावर रस्सा असा दाट आणि गोडसर लागत होता की दुसऱ्यांदा मी स्वतःच वाढून घेतलं.

नोकेड्ली उरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी ते तव्यावर टाकून वर अंडी फोडली, मीठमिरी, बाजूला लेट्यूसचं आंबटगोड सॅलड. खरं सांगू? मला तेच जास्त आवडलं, फक्त काकूंना सांगितलं नाही.