रोज घरी फोन लावणारी पोरं

खानापूरच्या मराठी शाळेतनं एसएसएलसी म्हणजे दहावी करून बेळगावला पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावीला आले तेव्हा पहिले दोन महिने मी वर्गात तोंडच उघडलं नव्हतं. काल जे प्रकाशसंश्लेषण होतं ते आज फोटोसिंथेसिस, ऑफिसात गेलं की कन्नड, आणि संध्याकाळची बस चुकली की घरी पोचायला अंधार. हुशार पोरगी एकदम ढ कशी झाली हे ना सरांना कळलं ना मला.

आता इकडे अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या मुलांची ॲडव्हायझर आहे, विषय निवडण्यापासून रूममेटच्या भांडणापर्यंत सगळं आमच्याकडंच येतं, आणि ह्या कामासाठी मास्टर्सची वेगळी डिग्री असते इकडे. त्यात नेव्हिट सॅनफर्ड हा मानसशास्त्रज्ञ वाचला. तो म्हणतो वाढायला आव्हान पण लागतं आणि आधार पण, नुसतं आव्हानच फार झालं तर पोरगं मागं सरतं. वाचून रडले मी. ढ नव्हते की!

खरं मला सगळ्यात जवळचा आर्थर चिकरिंग. १९६९ च्या पुस्तकात त्यानं कॉलेजातल्या वाढीच्या सात दिशा सांगितल्या, त्यातली एक स्वतःच्या पायावर उभं राहणं, आणि १९९३ ला लिंडा रायसरबरोबर पुस्तक सुधारलं तेव्हा तीच दिशा बदलून केली, स्वतंत्र होत होत एकमेकांच्या आधारानं जगायला शिकणं. हे फार मोठं आहे, कारण आपली पोरं इकडे येऊन रोज आईला फोन लावतात आणि इकडच्यांना वाटतं अजून कच्ची आहेत. मी तसं धरत नाही. काय बोलतोस ते विचारते. सल्ला घेऊन निर्णय स्वतः घेत असेल तर चांगलंच आहे, विषय पण बाबाच ठरवत असतील तर मग पुढच्या फोनला बाबांना काय सांगायचं ह्याची आम्ही दोघं बसून तयारी करतो.

अजून एक प्रश्न सगळ्यांना विचारते, तो नॅन्सी श्लॉसबर्गच्या लिखाणातनं घेतलाय, आपण कुणाला तरी हवे आहोत असं वाटणं किती गरजेचं ते ती सांगते. दोन दिवस वर्गात आला नाहीस तर कुणाच्या लक्षात येईल?

यंदा भाचा बेळगावला पीयूसीला गेलाय, परवा त्याला पण विचारलं. "बसमधली पोरं विचारतील की मावशी, वर्गातलं कोण नाही."

म्हटलं, बसमधल्यांत सायन्सचं कोण आहे बघ, उद्या त्याच्याशेजारी बस.