पुढचा नकाशा झाकून: जुन्या हिमवादळांची वही, पाकीट पाच ते सात

सातवं पाकीट परवा रात्री संपलं. मागची नोंद चौथ्यापाशी थांबली होती, म्हणजे तीन वादळांची थकबाकी आहे. शिवाय पहिल्या चारांतल्या दोन चुका दुरुस्त करायच्या आहेत. त्यातली एक इतकी बावळट आहे की ती गुपचूप खोडून टाकायचा मोह झाला होता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी खेळ थोडक्यात सांगतो. मी प्रत्यक्षात एकही हिमवादळ अनुभवलेलं नाही. पण जुनी वादळं तासातासाने पुन्हा उभी करता येतात. ईआरए-5 या युरोपीय रीअनॅलिसिसमध्ये (जुन्या नोंदी संगणकाच्या हवामान-प्रारूपात घालून पुन्हा उभं केलेलं हवामान) 1940 पासूनचं जगभरचं हवामान दर तासाला, साधारण 31 किलोमीटरच्या चौकटींवर मांडून ठेवलेलं आहे. माझा एक मित्र त्यातून वादळ निवडतो, दर तीन तासांचे नकाशे काढतो, तारीख खोडतो आणि पाकिटात घालून मला पाठवतो: समुद्रसपाटीचा दाब, 500 हेक्टोपास्कलची उंची (हेक्टोपास्कल हे दाबाचं एकक; हवेचा दाब 500 उरतो ती पातळी, साधारण साडेपाच किलोमीटरवर), 850 चं (सुमारे दीड किलोमीटरवरचं) तापमान आणि बर्फ. नियम एकच. पुढचा नकाशा उघडण्याआधी अंदाज शाईने लिहायचा. चोवीस तासांनी केंद्र कुठे असेल, दाब किती असेल, आणि मित्राने जिथे ठिपका दिलाय तिथे बर्फ कधी सुरू होईल, किती पडेल. मग उघडायचं आणि स्वतःलाच शिव्या घालायच्या.

नुसतं अ‍ॅनिमेशन चालवून बघण्यात मला आता मजा येत नाही. शेवट माहीत असला की प्रत्येक वादळ ‘हे असंच होणार होतं’ असं वाटायला लागतं. तेव्हाच्या माणसांना ते तसं मुळीच वाटलं नव्हतं.

आता चुका. पहिल्या पाकिटाचे बर्फाचे नकाशे कोरे निघाले होते, हे आठवत असेल. तीन संध्याकाळी आम्ही रंगपट्टीशी झटापट केली, फाइल दोनदा उतरवली. मग मित्राला सुचलं की एकक बघावं. ईआरए-5 मध्ये बर्फ सेंटिमीटरमध्ये नसतो, तो वितळवल्यावर होणाऱ्या पाण्याच्या मीटरमध्ये असतो. तासाला 3 मिलिमीटर पाणी म्हणजे फाइलमध्ये 0.003. आमची रंगपट्टी सुरू होत होती 1 पासून. एवढं मोठं वादळ, आणि नकाशावर शिंतोडासुद्धा नाही! आता आम्ही हजाराने गुणतो आणि पाण्याचा बर्फ करताना एकास दहा धरतो. कडाक्याच्या थंडीत भुसभुशीत बर्फ एकास वीसही होतो, ओलसर असला तर एकास सहा-सात. म्हणून माझे सेंटिमीटरचे आकडे सैलच समजा.

दुसरी चूक माझी एकट्याची, आणि हीच ती लपवावीशी वाटलेली. बोस्टनचं वादळ, 6-7 फेब्रुवारी 1978. मी ठासून लिहिलं होतं की बर्फ दुपारी तीनला सुरू झाला आणि माणसं घरी निघालेली असतानाच सापडली. नकाशावर 15 होतं ना! ते 15 यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरलेली प्रमाण वेळ. बोस्टनच्या घड्याळात तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

एरवी पाच तासांचं मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं, पण या वादळाची सगळी गोष्टच त्या सकाळी आहे. बर्फ पहाटेपासून पडेल असा अंदाज होता. सोमवार उजाडला, आभाळ करडं, बर्फाचा पत्ता नाही. दोनच आठवड्यांपूर्वी, जानेवारीत, त्याच शहरावर 50 सेंटिमीटरहून जास्त बर्फ कोसळला होता आणि तेव्हाचा अंदाज सपशेल चुकला होता. मग आता कोण विश्वास ठेवणार? लोक कामावर गेले. दहाच्या सुमाराला पहिला बर्फ आला. दुपारी सगळं शहर एकदमच घरी निघालं आणि 128 क्रमांकाच्या महामार्गावर तीन हजारांहून जास्त गाड्या जागच्या जागी गाडल्या गेल्या. एकूण बर्फ 69 सेंटिमीटर. त्यात अमावास्येची भरती, आणि उत्तरेकडच्या जास्त दाबाने वादळाला पुढे सरकूच दिलं नाही, त्यामुळे किनाऱ्याला एकामागून एक भरत्यांचा मारा बसला. अंदाज बरोबर होता, फक्त काही तास लवकरचा होता. यूटीसीचं भान न ठेवता मी नेमके तेच तास गिळून टाकले होते. ते पान फाडलेलं नाही, लाल शाईने काट मारून ठेवलंय.

पाचवं पाकीट. याच्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण इतका मूर्ख मी आधी कधी ठरलो नव्हतो.

अमेरिकेतली मोठी सरोवरं. पश्चिमेकडून ध्रुवीय हवेची कड धडधडत येतेय, समदाब रेषा एकमेकींना चिकटलेल्या. ठिपका एका लांबट सरोवराच्या पूर्व टोकाला. सरोवर गोठलेलं आहे, एवढा एक इशारा मित्राने पाकिटावर लिहून दिला होता. मला वाटलं, सापडलं! सरोवरावरून येणाऱ्या हिमसरींना उघडं, तुलनेने कोमट पाणी लागतं. वाफ तिथूनच मिळते. पाणी गोठलं की कारखाना बंद. मी लिहिलं: ‘वारा सोसाट्याचा, पारा कोसळेल, नवा बर्फ जेमतेम. वादळ किरकोळ.’ पुढचे नकाशे एकेक करून उघडले. वारा सोसाट्याचा, पारा कोसळलेला, बर्फाचा नकाशा फिकट. मी स्वतःला पैकीच्या पैकी देऊन टाकले.

रात्री फोन आला. ‘संपलं का रे पाकीट?’

‘संपलं. पण हे कशाला निवडलंस? यात काहीच नाही.’

तो हसतच सुटला. ‘बफेलो. 28 जानेवारी 1977.’

ईरी सरोवर त्या हिवाळ्यात 14 डिसेंबरलाच गोठलं होतं. त्यानंतर पडलेला बर्फ त्या सपाट पत्र्यावर सुटा, कोरडा, न चिकटता साचत राहिला. सरोवराची लांबी जवळजवळ 390 किलोमीटर, आणि बफेलो बरोबर त्याच्या टोकाला. 28 तारखेला वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून सरोवराच्या लांबीला धरून सुटला, झोत ताशी 110 किलोमीटरपर्यंत, आणि सगळा साठा उचलून शहरावर ओतला. ताजा बर्फ सुमारे 30 सेंटिमीटर, ढिगारे मात्र जागोजागी 9 मीटरपर्यंत. प्राणिसंग्रहालयातले तीन रेनडिअर कुंपणाच्या उंचीला पोचलेल्या ढिगावरून सरळ चालत बाहेर पडले. हे सगळं 1 फेब्रुवारीपर्यंत चाललं.

आभाळातून पडलेला बर्फ मी अचूक सांगितला होता, आणि तरी अंदाज साफ फसला होता. ईआरए-5 ला जमिनीवरून उडणारा बर्फ माहीतच नाही. एका चौकटीतला बर्फ वाऱ्याने उचलून शेजारच्या चौकटीत टाकायची सोय त्या प्रारूपात नाही. माझ्या यादीतलं हे सर्वांत भयानक वादळ डेटामध्ये जवळपास अदृश्य आहे. आता प्रत्येक पाकिटासोबत दोन जादा नकाशे मागवतो: आधीपासून साचलेला बर्फ आणि 10 मीटर उंचीवरचा वारा. कोरडा बर्फ सेकंदाला 7-8 मीटर वाऱ्यापासून सरकायला लागतो, तिथून पुढच्या चौकटींवर मी पेन्सिलीने रेघोट्या मारतो. ढोबळ आहे, पण बफेलोचं पान आता काळंकुट्ट दिसतं.

सहावं पाकीट खरं तर पाकीटच नव्हतं. 11 ते 14 मार्च 1888, न्यूयॉर्क. ईआरए-5 तिथवर पोचत नाही, म्हणून विसाव्या शतकाचं रीअनॅलिसिस वापरलं. नाव विसाव्याचं असलं तरी त्याची तिसरी आवृत्ती 1836 पासून सुरू होते. ते फक्त पृष्ठभागावरच्या दाबाच्या नोंदींवर उभं आहे: वेधशाळा आणि जहाजं. वर फुगे नाहीत, उपग्रह नाहीत. त्यामुळे ते एक उत्तर देत नाही, सारखीच शक्य वाटणारी 80 देतं.

मी 80 च्या 80 केंद्रं एकाच कागदावर टिंबांनी काढली. एक संध्याकाळ गेली, मान आखडली, पण पाहावं असं काही तयार झालं असेल तर तो कागद. जमिनीवर टिंबं दाटीने बसतात. किनारा ओलांडला की पांगतात. आणि नेमकं वादळ जिथे जोर धरतं तिथे समुद्रावर कबुतरांना दाणे टाकल्यासारखी विखुरतात. न्यूयॉर्कमध्ये 53 सेंटिमीटर बर्फ, साराटोगा स्प्रिंग्जला 147, मृत्यू 400 च्या घरात. तारांची जाळी कोसळली आणि पुढे त्या शहराने तारा जमिनीखाली घातल्या, हे सगळं आपण सगळेच वाचून आहोत. पण ते वादळ त्या क्षणी नेमकं कुठे होतं, याची 80 उत्तरं शेजारी शेजारी बघणं वेगळं. तेव्हाच्या अंदाजकाराकडे यांतलं एकही नव्हतं.

त्याच वर्षीचं 12 जानेवारीचं, अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातलं वादळ मी वगळलंय. उबदार सकाळ, शाळा भरलेल्या, आणि दुपारी अचानक आलेली भिंत. 235 च्या आसपास माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. तांत्रिकदृष्ट्या अप्रतिम उदाहरण आहे, मान्य. पण पुन्हा जगावीशी वाटणारी वादळं असं आपण म्हणतो, तेव्हा कुठेतरी रेघ ओढावीच लागते. मी ती इथे ओढली. कोणी नोव्हेंबर 1940 च्या बदकांच्या शिकाऱ्यांचा जीव घेणारं वादळ माझ्या यादीत बघून विसंगती दाखवली तर माझ्याकडे उत्तर नाही.

सातवं पाकीट लवकर उरकतो, कारण जखम ताजी आहे. अमेरिकेचा ईशान्य किनारा, समुद्रात झपाट्याने खोल जाणारं केंद्र, ठिपका न्यूयॉर्कवर. मी लिहिलं 60 सेंटिमीटर. पडला 25. उघडलं तर 26-27 जानेवारी 2015. म्हणजे चूक झाली, पण संगत चांगली मिळाली: तेव्हा अधिकृत अंदाजही दोन फुटांच्या पुढचा होता, शहराची भुयारी रेल्वे बर्फासाठी पहिल्यांदाच बंद ठेवली होती, आणि नंतर एका सरकारी अंदाजकाराने जाहीर माफी मागितली. बर्फाच्या पट्ट्याची पश्चिम कड सुरीने कापल्यासारखी होती आणि ती थोडी पूर्वेला पडली, एवढंच. बोस्टनला 60 च्या वर पडलाच. माझ्या नकाशावर ही कड स्पष्ट दिसत होती, पण मी केंद्राकडे बघत बसलो. खोल खड्डा दिसला की डोळा तिथेच अडकतो.

सात पाकिटांचा हिशेब मांडला तर एक खोड ठळक दिसते. केंद्राची जागा मी बरी सांगतो. दाब मात्र दर वेळी कमी घसरवतो. सँडर्स आणि ग्याकम यांनी 1980 मध्ये ‘बॉम्ब’ (झपाट्याने खोल जाणारं वादळ) ठरवायची जी कसोटी दिली, ती 60 अंश अक्षांशावर 24 तासांत 24 हेक्टोपास्कल. 40 अंशांवर हिशेब केला की सुमारे 18. मी फार तर 20 लिहितो. जानेवारी 1978 च्या ओहायो वादळात दाब 24 तासांत जवळपास 40 ने उतरला होता, क्लीव्हलंडला 957.7 नोंदला गेला. आदल्या संध्याकाळचा नकाशा समोर आहे, दक्षिणेकडची ओली द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) आणि उत्तरेची थंड द्रोणी एकमेकींकडे येताना दिसतायत, आणि तरीही 40 लिहायला हात धजत नाही.

मार्च 1993 चं पाकीट मात्र मी अधूनमधून उगाचच उघडतो, गुणांसाठी नाही. 12 तारखेला टेक्सासच्या किनाऱ्यापाशी 1000 हेक्टोपास्कलच्या आसपासचा कमी दाबाचा एक साधा खळगा. 13 च्या पहाटे तो मेक्सिकोच्या आखातातून असा काही फुगलेला असतो की फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी समुद्र साडेतीन मीटरहून वर चढतो. रात्रीपर्यंत केंद्र अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरापाशी, 960 च्या घरात. या वादळाची चाहूल पाच दिवस आधी लागली होती, ही त्या काळातली मोठी कमाई. आणि तरी आखातातली ती एक रात्र सगळ्यांच्या अंदाजातून निसटली. त्या दोन नकाशांच्या मधला तीन तासांचा नकाशा मी मित्राकडून वेगळा मागवून घेतलाय, मोठ्या कागदावर.

आठवं पाकीट कालच आलं. वर फक्त ‘युरोप, डिसेंबरचा शेवट’ एवढंच. पहिला नकाशा: उत्तर जर्मनी आणि दक्षिण बाल्टिकवर पूर्व-पश्चिम पसरलेली एक कड, हलायचं नाव नाही. तिच्या दक्षिणेला पाऊस आणि जवळपास 10 अंश, उत्तरेला पूर्वेचा बोचरा वारा आणि शून्याच्या खूप खाली. ठिपका एका बेटावर. तुम्ही ओळखलं असेल तर कृपा करून सांगू नका. माझा अंदाज शाईने लिहून झाला आहे: पाऊस सहा तासांत बर्फ होईल, वारा कमी होणार नाही, आणि या वेळी साचलेल्या बर्फावर आधीच रेघोट्या मारल्यात. दुसरा नकाशा उद्या.